ध्यानाचा आणि नामस्मरणाचा अनुभव मेंदूविज्ञान तपासू शकते का?

ध्यान आणि नामस्मरण यांचे खरेखोटेपण मेंदूचे आलेख ठरवू शकतील का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याचे कारण आमच्या घरातच घडले.

माझी आत्या गंगाखेडजवळच्या खेड्यात राहत असे. गावात गिरणी आल्यावरही ती हट्टाने पहाटे जात्यावर ज्वारी दळी आणि दळताना, पुढे भाकरी थापतानाही, तिच्या तोंडी नाम चाललेले असे. (जनाबाईंचे गाव शेजारीच, त्यामुळे त्याचे कोणाला नवल नव्हते.) एकदा ती भोवळ येऊन पडली, म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात तिचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत-लहरींचा आलेख, काढला. माझ्या अभियंता असलेल्या धाकट्या भावाने नाम घेतानाचाही आलेख काढण्याची विनंती केली. तंत्रज्ञाने आत्याला डोळे मिटायला, जबडा सैल सोडायला आणि जीभ न हलवायला बजावले. मेंदूचे संकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागतात आणि चेहऱ्याच्या स्नायूंचे संकेत त्यांना सहज झाकून टाकतात. आत्या निमूटपणे बसली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या कोणाही माणसात दिसतात तशा, सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी उमटल्या. 'नामात काही नाही' हा भावाचा निष्कर्ष तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकावा लागतो. परंतु आत्याने तिथे नाम घेतले कुठे? तिचे हात आणि जीभ थांबवल्यावर जे उरले, त्याचा तो आलेख होता.

१९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधील आनंद, छिना आणि सिंग यांनी काही योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले; समाधीत बाहेरच्या उद्दीपनांनी त्यांच्या अल्फा लहरी मोडत नव्हत्या. २००४ मध्ये तिबेटी परंपरेतील दीर्घ साधना केलेल्यांत तीव्र गॅमा लहरी (अल्फापेक्षा बऱ्याच वेगवान लहरी) नोंदल्या गेल्या. हे काम मोलाचे आहे, पण ते निश्चल बसणाऱ्यांचे आहे, आणि त्यातून त्या घडीची अवस्था कळते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनी मज्जारज्जूत शोधणारे लोक बाराव्या अध्यायापर्यंत पोहोचतच नाहीत. तिथे ज्ञानदेव अव्यक्ताच्या, म्हणजे निराकाराच्या, उपासनेचे कष्ट सांगून भक्तीकडे वळतात. भक्तीची परीक्षा वागण्यात होते आणि तिला वर्षे लागतात. आत्याच्या नामाचा पडताळा हवा असेल, तर तीस वर्षे एका चुलीवर तिच्याबरोबर राबलेल्या तिच्या सुनेला विचारावे, असे मी भावाला अनेकदा सुचवले. तो गेला नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्याच ईईजीत अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) खूण सापडली आणि गोळ्यांनी आत्याचे पडणे थांबले. दवाखान्यात नेण्याचा आग्रह भावाचाच होता. ते श्रेय मी अजून त्याला तोंडावर दिलेले नाही.