मोठ्या रेखाटनातून लहान चित्र

प्रश्न : मी वाईला राहतो. जवळच्या मेणवली गावचा नदीकाठचा घाट आणि तिथली घंटा यांची कोळशाने केलेली मोठी रेखाटने माझ्याकडे आहेत. प्रत्येक कागद २२ बाय ३० इंचांचा आहे. पाहणाऱ्यांना ती आवडतात, पण एवढे चित्र लावायला घरात भिंत नसते. झेरॉक्सवर लहान करून पाहिली, तर सगळे काळपट दिसते. यांतून लहान चित्रे किंवा लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढलेले छाप) कसे करावेत?
– एक वाचक, वाई

उत्तर : यात यंत्राचा दोष फारसा नाही. २२ इंचांची बाजू साडेपाच इंचांवर आणली, की चित्र लांबी-रुंदीत एकचतुर्थांश होते, पण क्षेत्रफळाने सोळावा हिस्साच उरतो. दोन मिलिमीटरची रेघ अर्ध्या मिलिमीटरवर येते आणि रेघांमधून डोकावणारा पांढरा कागद शाईत बुजतो. शिवाय मोठे रेखाटन आपण खांद्यापासून हात फिरवून करतो आणि ते चार पावले मागे सरून पाहिले जाते, तर लहान चित्र मनगटाने होते आणि हातात धरून पाहिले जाते. म्हणून मोठ्या रेखाटनाची प्रत काढू नये. त्यालाच समोरचे दृश्य मानून त्यावरून नव्याने रेखाटावे, असे माझे मत आहे.

पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापून त्यांची चौकट रेखाटनावर सरकवत राहा. संपूर्ण घाट लहान कागदावर मावतो खरा, पण मग घंटेवरची (ती मूळची पोर्तुगीज चर्चची) मेरी आणि बाळ येशू यांची आकृती ठिपक्याएवढी होते. तेव्हा एक तर ती आकृती हाच विषय करावा किंवा ती सरळ गाळून घंटेचा नुसता काळा आकार आणि पायऱ्यांच्या आडव्या रेषा एवढेच ठेवावे. मला दुसरा पर्याय अधिक आवडेल.

खरे काम छटांचे आहे. कोळशात करड्या रंगाच्या असंख्य छटा मिळतात. लहान चित्राला पांढरी, मधली आणि काळी अशा तीन पुरतात. डोळे किलकिले करून पाहिले, की कोणती छटा कोणत्या गटात जाते ते कळते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये शिळाछापाचा (दगडी शिळांवरून छपाईचा) छापखाना काढला, तेव्हा तैलचित्रांतील रंग असेच वेगळे करून प्रत्येकासाठी स्वतंत्र शिळा करावी लागे. त्यांची काही मूळ तैलचित्रे आपल्याच जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आहेत. ती पाहून मग एखादा जुना छाप शेजारी ठेवल्यास कारागिरांनी काय सोडले ते दिसेल.

मापे उतरवण्यासाठी सारख्या चौकोनांची जाळी आखावी, परंतु ती मूळ कागदावर नव्हे, तर त्यावर अलगद ठेवलेल्या पारदर्शक प्लास्टिकवर; कोळसा आधी फिक्सेटिव्हने (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून फवारायच्या द्रवाने) पक्का केलेला असावा. लिनोकट उलटा छापला जातो, म्हणून ट्रेसिंग पेपर पालथा करून चित्र लिनोवर उतरवावे, नाहीतर छापात घंटा घाटाच्या भलत्याच बाजूला जाईल. लिनोवर तीन छटा हव्या असल्यास मधली छटा समांतर रेघा कोरून साधता येते. त्या रेघा फार जवळ आल्या तर शाई पुन्हा भरते, यासाठी आधी लिनोच्या तुकड्यावर कोरून एक छाप काढून पाहावा.