वणव्याआधी घर: वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडून वणव्याचे प्रश्न येऊ लागतात. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यातल्या आगी विझवायला हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले, ते कोणी विसरलेले नाही. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

आमचे घर चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले. मग जळणार काय?

चिरा जळत नाही, कौलही नाही. कौलांखालचे वासे, रिपा आणि माळ्यावरचा अडगळीचा पसारा मात्र जळतो. बहुतेक घरे ज्वाळा भिंतीला भिडून पेटत नाहीत. वाऱ्याबरोबर पुढे उडालेली ठिणगी पन्हळीतल्या पाचोळ्यावर पडते, नाहीतर सरकलेल्या कौलाच्या फटीतून माळ्यावर जाते. रान विझून तासभर झाल्यावर छपरातून धूर येतो तो असा.

म्हणून जानेवारीतच कौले परतून घ्या, फुटकी बदला, पन्हळ हाताने साफ करा. भिंत आणि वळचण यांच्यामधल्या फटीला 3 मिलिमीटरहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी ठोका. नायलॉनची जाळी वितळते आणि भोक मोकळे होते. गॅलरीला बांधलेल्या हिरव्या शेडनेटचेही तेच, ती मार्चपुरती काढा.

सगळ्यात मोठी चूक जळाऊ लाकडांची. पावसाची बेगमी म्हणून आपण एप्रिलमध्ये फाटी आणतो आणि वळचणीखाली भिंतीला लावून रचतो, नेमकी वणव्याच्या दिवसांत. ती घरापासून 10 मीटर लांब, उघड्या जागी रचा आणि मृगाच्या तोंडावर आत घ्या. पेंढ्याची उडवी (रास) त्याहून लांब. भिंतीलगतचा दीड मीटर पट्टा मात्र अगदी कोरा हवा, तिथे झाडू, पायपुसणे, प्लास्टिकची खुर्चीसुद्धा नको.

घरामागे काजूची बाग, पलीकडे रान. काजू वेचायला सोपे जावे म्हणून पाचोळा जाळतो. तोच आग अडवणारा जाळपट्टा होईल ना?

नाही. कित्येक वणवे याच काडीतून सुरू होतात. काजूच्या बीच्या टरफलात तेल असते, आणि खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात. जमिनीवरची आग त्या शिडीने वर चढते. झाड वाचले तरी मोहोर करपतो, म्हणजे वाचवलेली मजुरी उत्पन्नातून जाते. अभयारण्यात आग लावणे किंवा पेटती सोडणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे.

त्याऐवजी दाताळ्याने पाचोळा ओढून चरात टाका आणि वर माती लोटा. रानाच्या कडेने 3 मीटर रुंद पट्टा उघड्या मातीपर्यंत खरवडा. पाने गळतच राहतात, त्यामुळे तो दर आठवड्याला झाडावा लागतो. एकदाच केलेला पट्टा महिन्याभरात निकामी होतो. रानमोडी हे झुडपी तण दिसेल तिथे मुळासकट उपटा. वाळली की ती सुक्या गवतासारखी भडकते. घराजवळच्या ओळीच्या फांद्या माणसाच्या डोक्याहून उंच छाटा, पण हंगाम संपल्यावर, आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, नाहीतर जखमेतून रोग शिरतो.

घर उतारावर असेल तर खालची बाजू दुप्पट लांबपर्यंत साफ ठेवा. आग चढावर झपाट्याने धावते.

गच्चीवर 1000 लिटरची टाकी आहे. पुरेल का?

अर्ध्या इंची पाइपने मिनिटाला 20 लिटर धरले तर 50 मिनिटे. पंपावर मात्र विसंबू नका, आगीत वीज जातेच. टाकी चार मीटर उंचीवर असली तरी पाण्याला जोर नसतो, धार कौलांपर्यंत पोहोचत नाही.

चार कोपऱ्यांवर 200 लिटरची पिंपे, त्यांत बादली आणि ओले गोणपाट, शिवाय कौलांवर टेकणारी शिडी ठेवा. कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) 16 लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप ठिणग्या विझवायला उत्तम. पावसाळ्यात मारलेल्या बोर्डोचा चुना नोझलमध्ये घट्ट बसलेला असतो. नोझल आत्ताच उघडून धुवा आणि एकदा पाणी भरून मारून बघा. आधीपासून छप्पर भिजवत बसू नका, मार्चच्या दुपारी ते बघता बघता सुकते.

वाड्यावर चौदा घरे. कुणी काय करायचे?

घरे जवळजवळ असली की शेजाऱ्याची उडवी ही तुमचीही उडवी. शिगम्याआधी एका रविवारी सगळ्यांनी मिळून वाट दोन्ही बाजूंनी साफ करा, बंबाला वळायला जागा ठेवा. विहिरीपर्यंतची वाट मोकळी हवी. वन सर्वेक्षणाच्या वन अग्नी पोर्टलवर मोबाइल नोंदवला तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश येतो, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच जातो. म्हणून डोंगरावर धूर दिसताच 101 किंवा 112 ला फोन करा आणि जवळची खूण सांगा: देऊळ, नाला, पूल.

घर सोडायचे केव्हा?

म्हातारी माणसे आणि मुले धूर दिसताच, ज्वाळा दिसण्याची वाट न पाहता. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी घाला. दारेखिडक्या लावा, कुलूप नको. गोठ्यातल्या गुरांचे दावे सोडा. अंगात सुती कपडे असू द्या, नायलॉन कातडीला चिकटते.