मागाच्या धाग्यापासून इनोव्हापर्यंत : टोयोटाविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या खरेदीविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिल्यानंतर नागपूर आणि परिसरातील वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी टोयोटा या एकाच कंपनीविषयी होती. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझे आजोबा हातमागावर नऊवारी विणत असत. टोयोटा ही कंपनी मुळात माग बनवणारी होती, असे ऐकले. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर मागाचा मोटारीशी संबंध तो काय? (एक वाचक, तांडापेठ)

उत्तर : हे खरे आहे, आणि आपण विणकर घराण्यातील असल्यामुळे हा संबंध आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगेल. ज्यांच्या मागांतून ही कंपनी उभी राहिली, त्या साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ मध्ये जपानच्या आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात, सुताराच्या घरी झाला. आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागातील सुधारणेचे पहिले पेटंट मिळाले आणि १८९६ मध्ये त्यांनी यंत्रमाग तयार केला. आडवा धागा तुटला किंवा संपला की हा माग आपोआप थांबत असे. पुढे १९२४ मध्ये, मुलगा किइचिरो आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने, त्यांनी जी-टाइप नावाचा स्वयंचलित माग पूर्ण केला. त्यात धोट्यातील, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातील, सूत संपत आले की माग पूर्ण वेगात चालू असतानाच धोटा बदलला जाई, आणि ताण्यातील, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, एखादा धागा तुटला तर माग जागच्या जागी थांबे.

ताण्यातील तुटलेला धागा वेळेवर लक्षात आला नाही, तर दोष कापडात पुढेपुढे जात राहतो, हे आपल्या आजोबांना कुणी सांगावे लागले नसते. हातमागावर ही राखण विणकराचा डोळा आणि हात करीत असतात. यंत्रमागाचा वेग वाढला तेव्हा दोषाचाही वेग वाढला, आणि त्यावर उपाय म्हणून मागाजवळ माणूस नुसता पाहत उभा ठेवावा लागे. साकिचींच्या मागाने हे पहाऱ्याचे काम यंत्राकडेच सोपवले, त्यामुळे एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले आणि खराब कापड निघणेही कमी झाले. वेग कितीही असो, दोष दिसताच थांबायचे, हा नियम येथे लोखंडात उतरला. मोटारीच्या कारखान्यात पुढे जे घडले, त्याचे मूळ माझ्या मते याच नियमात आहे.

या मागांच्या निर्मितीसाठी १९२६ मध्ये तोयोदा स्वयंचलित माग कारखाना स्थापन झाला. १९२९ मध्ये मागाच्या पेटंटचे हक्क इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीला १ लाख पौंडांच्या कराराने देण्यात आले. यंत्रमागाची विद्या ज्या देशातून जगभर गेली, त्या देशातील नामांकित कंपनीने जपानी माणसाचा माग विकत घ्यावा, ही त्या काळी लहान घटना नव्हती. १९३० मध्ये साकिची वारले. १९३३ मध्ये किइचिरो यांनी माग कारखान्यातच मोटार विभाग सुरू केला. १९३५ मध्ये पहिली प्रायोगिक मोटार आणि जी-वन ट्रक, १९३६ मध्ये एए ही विक्रीची पहिली मोटार, आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी, असा हा क्रम आहे.

पेटंटच्या पैशांतूनच मोटार जन्मली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. मला ती फारच सुबक वाटते. मोटारीच्या प्रयोगांचा भार माग कारखान्याने वर्षानुवर्षे उचलला, हे खरे असले तरी जपान सरकारने १९३६ मध्ये केलेल्या मोटार उद्योगविषयक कायद्याचा वाटाही मोठा होता. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्या १९२० च्या दशकापासून जपानमध्ये गाड्या जोडून विकत होत्या. त्यांना या कायद्याने आवर घातला आणि देशी कंपन्यांना वाट करून दिली.

प्रश्न : टोयोटाच्या गाड्या टिकाऊ असतात, असे जो तो म्हणतो. हा लौकिक सुरुवातीपासूनचा आहे, की जाहिरातींनी उभा केलेला? (निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : तो सुरुवातीपासूनचा मुळीच नाही. जी-वन ट्रक वारंवार बंद पडत, आणि कंपनीच्या माणसांना जागेवर जाऊन त्यांची दुरुस्ती करावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कंपनी बुडण्याच्या बेतात होती. १९५० मध्ये मोठा संप झाला, सुमारे २,००० कामगारांना काम सोडावे लागले आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याने ट्रकांच्या मागण्या नोंदवल्या, त्यामुळे कंपनी सावरली. हे चांगले दिवस पुरते पाहण्यापूर्वीच, १९५२ मध्ये, किइचिरो वारले.

लौकिकाची खरी पायाभरणी यानंतरची आहे, आणि तिच्यात ताइइची ओनो यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. ओनो हे मोटारीचे अभियंते म्हणून आलेले नव्हते. १९३२ पासून ते तोयोदांच्या कापड गिरणीत होते आणि १९४३ मध्ये मोटार कारखान्यात आले. गिरणीत एक कामगार अनेक यंत्रे सांभाळतो, हे त्यांनी रोज पाहिलेले होते, त्यामुळे मोटार कारखान्यात एका यंत्रामागे एक माणूस ही पद्धत त्यांना खटकली. पुढच्या टप्प्याला जेवढे हवे तेवढेच, हवे तेव्हाच बनवायचे आणि त्याची मागणी एका चिठ्ठीने मागच्या टप्प्याकडे पाठवायची, ही कानबान पद्धत त्यांनी बसवली. त्याहून धाडसाची गोष्ट अशी, की जोडणीच्या रांगेतील कोणत्याही कामगाराला दोष दिसला तर त्याने दोरी ओढावी, गटप्रमुखाने धावत यावे, आणि दोष तिथल्या तिथे सुटला नाही तर सगळी रांग थांबावी, असा हक्क त्यांनी साध्या कामगाराच्या हाती दिला. रांग थांबणे म्हणजे नुकसान, असे जगभरचे कारखानदार मानत असताना, दोष लपून पुढे जाणे हेच मोठे नुकसान, असे टोयोटाने मानले.

तरीही परदेशात पहिले पाऊल अडखळले. १९५५ मध्ये आलेली क्राउन ही मोटार जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी मजबूत होती. १९५८ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली, तेव्हा तेथील द्रुतगती मार्गांवर तिचे इंजिन अपुरे पडले आणि वेगात गाडी थरथरू लागली. अखेर कंपनीने तिची निर्यात थांबवली आणि काही वर्षांनी अधिक सक्षम कोरोना घेऊन ती पुन्हा त्या बाजारात उतरली. १९६५ मध्ये टोयोटाला गुणवत्तेसाठीचा डेमिंग पुरस्कार मिळाला, आणि १९६६ मध्ये आलेल्या कोरोलाने कंपनीचे नाव घरोघरी नेले.

या पद्धतीचा सर्वांत बोलका दाखला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा आहे, असे मला वाटते. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना वाईट गुणवत्ता आणि कामगार-व्यवस्थापन भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता आणि १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तो पुन्हा चालू केला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते. थोड्याच काळात तेथील गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचली. टिकाऊ गाडी बनवणे हा केवळ जपानी माणसाचा स्वभाव आहे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, ते या उदाहरणापुढे टिकत नाही. माणसे तीच होती, त्यांना रांग थांबवण्याचा अधिकार मात्र नवा होता.

प्रश्न : ताडोबा आणि पेंचच्या फेऱ्यांसाठी आमच्याकडे आधी क्वालिस होती, मग इनोव्हा आली. क्वालिस उत्तम खपत असताना कंपनीने ती बंद का केली? आणि आता नवी घ्यायची तर क्रिस्टा घ्यावी की हायक्रॉस? (प्रवासी वाहतूक व्यावसायिक, मानेवाडा)

उत्तर : टोयोटा भारतात स्थिरावली ती किर्लोस्करांच्या साथीने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच घराण्यातील विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटा समूहाशी पहिली भागीदारी केली ती वस्त्रोद्योगाच्या यंत्रांसाठी, आणि त्यानंतर १९९७ मध्ये बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर उभी राहिली. तांडापेठेच्या वाचकांना हे विशेष वाटेल, की किर्लोस्करांबरोबरच्या या भागीदारीतही कापडाची यंत्रे आधी आली आणि मोटारी नंतर.

क्वालिस २००० मध्ये आली. इंडोनेशियात चालणाऱ्या किजांग या गाडीचे ते भारतीय रूप होते, आणि येथे येईपर्यंत तो आराखडा जुना झाला होता. २००५ मध्ये इनोव्हा आणताना कंपनीने चालती गाडी बाजारातून काढून घेतली. जुने आणि नवे शेजारी ठेवले असते, तर स्वस्त क्वालिसने महाग इनोव्हाला वाढू दिले नसते, हे त्यामागचे कारण मला पटते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. क्रिस्टा जाड चौकटीवर बसवलेली, मागच्या चाकांना जोर देणारी डिझेल गाडी आहे. हायक्रॉसला तशी वेगळी चौकट नाही, तिचा जोर पुढच्या चाकांना मिळतो, आणि तिची हायब्रिड आवृत्ती पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटारीवर चालते. शहरातील थांबत-थांबत जाण्यात हायब्रिडची बचत जास्त दिसते, समृद्धी महामार्गावरील एकसारख्या वेगात ती तेवढी दिसत नाही. पूर्ण भरलेली गाडी वर्षभर जंगलाच्या खराब वाटांनी न्यायची असेल, तर मी क्रिस्टाच सुचवीन.

प्रश्न : २०१० च्या सुमारास टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि अलीकडे टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सू या कंपनीच्या चाचण्यांतील गैरप्रकार उघड झाले. मग या कंपनीवर विश्वास ठेवायचा तरी कसा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वर्धा रोड)

उत्तर : हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटा समूहाच्या लेक्सस गाडीला अपघात होऊन चार जणांचा मृत्यू झाला. त्या गाडीत बसवलेल्या चुकीच्या मापाच्या पायपुसणीत एक्सिलरेटर अडकला होता. त्यानंतर अडकून राहणाऱ्या पेडलचा वेगळा दोषही पुढे आला आणि जगभरातून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्यात आल्या. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतच दोष असावा, असा संशय होता. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून तपास करून घेतला, आणि २०११ मधील निष्कर्षानुसार तसा दोष आढळला नाही. पण कंपनीचा खरा अपराध दुसराच होता. दोषांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये तिला अमेरिकी न्याय खात्याला १२० कोटी डॉलर भरावे लागले. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे किइचिरो यांचे नातू आणि कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ तोयोदा यांनी मान्य केले होते, की कंपनी फार वेगाने वाढली आणि तिच्या प्राधान्यांचा क्रम बिघडला.

दाइहात्सूचे प्रकरण मला याहून गंभीर वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालातून ६४ मॉडेलांच्या प्रमाणन चाचण्यांतील गैरप्रकार समोर आले. त्यांतील सर्वांत जुना प्रकार १९८९ मधला होता. पुढच्याच महिन्यात टोयोटा इंडस्ट्रीजने बनवलेल्या तीन डिझेल इंजिनांच्या शक्तिचाचणीत आकडे नीटनेटके दिसावेत म्हणून फेरफार झाल्याचे जाहीर झाले, आणि भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांचा पुरवठा काही काळ थांबवावा लागला. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे १९२६ चा तोच माग कारखाना. धागा तुटताच थांबणारा माग ज्या कंपनीने बनवला, तिच्याच चाचणीकक्षात वेळेच्या दडपणाखाली कुणालाही थांबावेसे वाटले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

यावरून टोयोटाच्या गाड्या कुचकामी ठरत नाहीत. प्रमाणित इंजिनांची शक्ती ठरल्याप्रमाणेच असल्याचे कंपनीने सांगितले, आणि काही आठवड्यांत पुरवठा पूर्ववत झाला. लौकिकाची माझी कसोटी अशी आहे, की दोष कुणी शोधला आणि सांगायला किती वेळ लागला. १९८९ मध्ये लेक्ससच्या पहिल्या गाड्यांत थोड्याशा तक्रारी येताच कंपनीने सुमारे ८,००० गाड्या परत घेतल्या होत्या आणि त्यांतील अनेक ग्राहकांच्या घरून नेऊन दुरुस्त करून दिल्या होत्या. या कसोटीवर १९८९ ची लेक्सस उत्तीर्ण होते आणि २०१० ची टोयोटा अनुत्तीर्ण होते. आपण अभियंते होणार आहात, तेव्हा ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून जरूर अभ्यासा.

प्रश्न : ग्लान्झा ही बलेनोच आहे काय? मग जास्त पैसे कशाचे द्यायचे? (गृहिणी, सक्करदरा)

उत्तर : होय. टोयोटा आणि सुझुकी यांच्या करारानुसार २०१९ पासून मारुतीची बलेनो ग्लान्झा या नावाने टोयोटाच्या दुकानांतून मिळते, आणि उलट दिशेने हायक्रॉस ही मारुतीकडे इन्व्हिक्टो या नावाने जाते. सुझुकीची सुरुवातही १९०९ मध्ये हामामात्सू येथे माग बनवण्यापासूनच झाली होती. ग्लान्झा आणि बलेनो यांचे इंजिन आणि सांगाडा एकच असल्यामुळे टिकाऊपणात फरक धरू नये. आपल्या घराजवळ कोणाचे सेवा केंद्र आहे, लेखी हमी किती वर्षांची आहे आणि त्या दिवशी रस्त्यावरची किंमत कोण कमी लावते, एवढे पाहून ठरवावे.