मार्केट टाउनला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही इंग्लंडमधल्या थेम्स नदीकाठच्या वॉलिंगफर्डची ओळख लिहिताय आणि 'हिस्टॉरिक मार्केट टाउन'चं 'ऐतिहासिक बाजार शहर' केलंय, ते खटकतंय म्हणून विचारलंत. खटकणारच, कारण आपल्याकडे 'बाजार शहर' असं कुणी बोलत नाही आणि वॉलिंगफर्ड आपल्या अर्थानं शहरही नाही, ऑक्सफर्डशायरमधलं छोटं गाव आहे.

आपल्या खेड्यांतली माणसं सरळ म्हणतात, "आमचं बाजाराचं गाव अमुक." म्हणजे जिथं आजूबाजूची दहा-वीस गावं आठवड्याला जमतात ते गाव. मार्केट टाउनचा गाभा नेमका हाच, वॉलिंगफर्डला अजूनही शुक्रवारी बाजार भरतो. म्हणून ओळखीत मी बेधडक 'थेम्सकाठचं जुनं बाजाराचं गाव' असं लिहीन.

पण इतिहासाचा भाग आला की मला 'कसबा' जास्त आवडतो. कसबे सुकेणे, कसबा बावडा या नावांत तो आहेच, परगण्याचं मुख्य गाव, बाजार आणि कारभार दोन्ही तिथं. वॉलिंगफर्ड तसंच होतं, नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या काळात डेनिश हल्ल्यांपासून बचावासाठी वसवलेली तटबंदीची वस्ती, तीन बाजूंना मातीचा तट आणि चौथ्या बाजूला नदी, तो तट आजही बघायला मिळतो. मग ११५५ साली राजा दुसऱ्या हेन्रीनं व्यापाऱ्यांना हक्कांची सनद दिली. इथं 'चार्टर'ला 'सनद'च लिहा, 'अधिकारपत्र' वगैरे नको. पूर्वी तिकडे मनाला आलं म्हणून बाजार भरवता यायचा नाही, राजाची परवानगी लागायची, आपल्याकडेही पेठ वसवायला सरकारी कौल, म्हणजे लेखी परवानगी, लागायचा आणि शेटे-महाजनांना वतन मिळायचं, त्यामुळे हा शब्द उपरा वाटत नाही. 'पेठ' मात्र टाळा, पुण्यामुळे वाचकाला पेठ म्हटलं की शहरातला एक भाग आठवतो, अख्खं गाव नाही.

आणि नदीचं राहिलंच! गावाच्या नावातला शेवटचा भाग म्हणजे 'फोर्ड', त्याला 'उथळ पाण्याची जागा' असं लांबलचक लिहिलंय तुम्ही, आपला 'उतार' शब्द आहे की, नदीला उतार मिळाला असं म्हणतोच आपण. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायला आलेल्या नॉर्मंडीच्या विल्यमचं सैन्य लंडनकडे जाताना थेम्स ओलांडून गेलं ते इथूनच, तेव्हा ओळखीत उतार आधी येऊ द्या आणि बाजार नंतर.