ग्राइंडरचा दगड फरशीवर पडला, तडा दिसत नाही. बसवू का?

तुमचा सहा इंची बेंच ग्राइंडरचा (टेबलावर बसवायच्या, हत्यारांना धार लावणाऱ्या मशिनचा) नवा दगड बसवताना हातातून निसटला, फरशीवर आपटला, आणि निरखून पाहिलं तरी तडा काही सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नका बसवू. मी बरीच वर्षं घरच्या वर्कशॉपमध्ये पटाश्या आणि ड्रिल धारेला लावतोय, पण पडलेला दगड वाजवून चांगला निघाला तरी मी वापरत नाही.

नेहमीचा करडा दगड म्हणजे भट्टीत भाजून एकमेकांना चिकटवलेले कण. तो दाब खूप सहन करतो, ताण फार कमी. आणि फिरताना त्याला सगळा ताणच सोसावा लागतो, कारण प्रत्येक कण बाहेर पळू बघत असतो. 150 मिमीचा दगड मिनिटाला 2850 फेरे घेतो तेव्हा त्याची कड ताशी 80 किलोमीटरने धावत असते. केसाएवढा तडा तिथे पुरतो. आणि तुकडे सुटतात तेव्हा समोर आपलाच चेहरा असतो.

डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला बऱ्याचदा कळतो, म्हणून नवा दगड आणाल तो आधी वाजवून बघा. दगड कोरडा आणि पुसलेला हवा. ओला किंवा भुश्शाने माखलेला असेल तर आवाज फसवतो. भोकात बोट घालून तो लटकता धरा. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून दोन-पाच सेंटिमीटर आत हलकेच टिचकी द्या, उभ्या रेषेच्या डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, रेषेशी साधारण 45 अंशांवर. मग दगड 45 अंश फिरवून पुन्हा. धडधाकट दगड खणखणीत वाजतो, तडकलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द. रेझिनने (कृत्रिम राळेने) बांधलेले दगड मुळातच कमी वाजतात, हे मात्र ध्यानात ठेवा, नाहीतर चांगला दगडही वाईट वाटेल.

बसवताना आधी प्लग काढा. दगडावर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाचे फेरे) मोटरच्या आरपीएमपेक्षा जास्त असलाच पाहिजे. दगड स्पिंडलवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, सहज सरकावा. ठोकून बसवावा लागत असेल तर तो तुमच्या मशिनचा नव्हे. दोन्ही बाजूंचे फ्लँज (दगडाला दाबून धरणाऱ्या धातूच्या चकत्या) सारख्याच व्यासाचे हवेत, आणि दगडावरची कागदी चकती काढून टाकू नका. फ्लँजचा दाब सगळीकडे सारखा पडतो तो तिच्यामुळे. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात. नट पक्का करा, पण पाना लावून अंगाचा सगळा जोर घालू नका. जास्त आवळल्यानेही दगड तडकतो.

टूल रेस्टबद्दल, म्हणजे दगडासमोर हत्यार टेकवायच्या आधाराबद्दल, मी थोडा जास्तच आग्रही आहे, त्याला कारण आहे. दगड झिजत गेला, रेस्ट पुढे सरकवायचा मी आळस केला, आणि एकदा पातळ पट्टी त्या फटीत ओढली गेली. क्षणात दगडाचा टवका उडाला. बोटं वाचली, कारण पट्टी लांब होती. तेव्हापासून रेस्ट आणि दगड यांत 3 मिमीपेक्षा जास्त अंतर मी राहू देत नाही. वरच्या ठिणग्या अडवणाऱ्या पट्टीचं अंतर 6 मिमीच्या आत. दगड झिजेल तशी ही दोन्ही अंतरं पुन्हा जुळवायची, अर्थात मशिन पूर्ण थांबल्यावरच.

नवा दगड चढवल्यावर गार्ड (दगडावरचं संरक्षक आवरण) लावून, मशिनच्या रेषेतून बाजूला उभं राहून एक मिनिट मोकळा फिरू द्या. थरथर जाणवली तर बंद करा. ॲल्युमिनियम किंवा पितळ या दगडावर घासू नका. मऊ धातू कणांमध्ये भरतो, दगड गुळगुळीत होऊन तापतो. दगडाच्या सपाट बाजूवरही दाबून घासू नका. डोळ्यांवर गॉगल आणि वर फेस शील्ड, दोन्ही. हातमोजे मी घालत नाही, दगडाने पकडले तर हातासकट ओढतात.

तो पडलेला दगड कचऱ्यात अख्खा टाकू नका. जाड फडक्यात गुंडाळून, गॉगल लावून हातोडीने त्याचे दोन तुकडे करा आणि मग टाका, म्हणजे चांगला दिसतोय म्हणून कुणी तो उचलून आपल्या मशिनवर चढवणार नाही.