पिवळ्या हिरवळीला आधी वाफसा, मग खत

प्रश्न : नगरपालिकेच्या बागेतली हिरवळ आम्ही काही जण सांभाळतो. जमीन काळी, गवत हरळीचं. पाऊस थांबला की मधला भाग पिवळा पडतो, युरिया टाकूनही फरक नाही. शिवाय वाटेच्या कडेला दरवर्षी हंगामी रोपं विकत आणावी लागतात. तिथे टिकाऊ काय लावावं?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : मधला भाग म्हणजे बहुधा लोकांची जाण्यायेण्याची वाट. ओल्या काळ्या मातीवर सतत पाय पडले की ती दबते आणि मुळं गुदमरतात. अशा मुळांना युरियाचा काय उपयोग? आधी वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी ठणठणीत, अशी होऊ द्या. मूठभर माती दाबा. बोटांना न चिकटता भुगा झाली की कामाला लागा. ओल्यात हात घातलात तर ती आणखी दबेल, आणि उशीर केलात तर पहारच लागेल.

टोकदार सळईने दर 10 सेंमीवर 8 ते 10 सेंमी खोल भोकं पाडून सळई थोडी हलवा. वर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत अर्धा सेंमी पसरून खराट्याने भोकांत लोटा. 100 चौरस मीटरला अर्धा घनमीटर लागतं. आठवड्याने तेवढ्याच जागेला 1 किलो युरिया द्या आणि लगेच भरपूर पाणी सोडा, नाहीतर पाती करपतील.

कोवळं पातं पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर कमतरता लोहाची आहे. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन संध्याकाळी फवारा, पण फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग पडतात. हे सगळं ऑक्टोबरमध्येच उरका. डिसेंबरच्या थंडीत हरळी वाढत नाही, मग जखम भरत नाही.

कडेचा वाफा 15 सेंमी उंच करा. पाणी साचतं त्या टोकाला कर्दळ, 45 सेंमी अंतरावर, प्रत्येक गड्ड्याला दोन-तीन डोळे ठेवून. कोरड्या टोकाला मागे निळा चित्रक 60 सेंमीवर, पुढे सदाफुली 30 सेंमीवर. मुळांपाशी उसाचं पाचट 5 सेंमी अंथरा, खोडाला मात्र टेकू देऊ नका.

खरी डोकेदुखी हरळीचीच. ती वाफ्यात शिरली की कर्दळीच्या गड्ड्यांतून वेगळी काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून लागवडीआधीच हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये 15 सेंमी खोल विटा उभ्या गाडा, आणि विटांवरून येणारे धावते फुटवे महिन्यातून दोनदा कापा.