सीओपीडीच्या पंपासोबत चिनी काढे घेतले तर चालतात का?

वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे, पंप चालू आहेत, मलेशियातला मित्र चिनी काढ्याची पाकिटं पाठवतोय, ती सोबत द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. काढ्यात काय आहे ते मात्र लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच ठरतं. मी डॉक्टर नाही, पण सासूबाईंच्या दम्याच्या गोळ्या-पंपांचा कारभार सिंगापुरात मीच बघते. आणि "चिनी पाला खाल्ला की असंच होणार" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, जन्मात विडी ओढली नाही. चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेली. इथे आल्यावर शेजारच्या चिनी आँटी त्यांना खालच्या मेडिकल हॉलमधल्या (चिनी औषधांच्या दुकानातल्या) सिनसेहकडे, म्हणजे इथल्या वैद्याकडे, घेऊन गेल्या. त्यानं जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. आई खूश, कारण हॉस्पिटलातला डॉक्टर स्क्रीनकडे बघत बोलतो! पण मला पटला तो वेगळ्याच कारणानं. त्यानं आधी चालू गोळ्यांची यादी मागितली. त्यात डॉक्सोफायलिन (थिओफायलिनच्या जातीची, श्वासनळ्या मोकळ्या करणारी गोळी) आणि पंप दिसल्यावर म्हणाला, माहुआंग देणार नाही.

माहुआंग म्हणजे इफेड्रा. एफेड्रिन मुळात त्यातूनच वेगळं काढलं, 1885 साली जपानात. श्वासनळ्या ते खरंच मोकळ्या करतं, पण त्यावर साल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनळ्या चटकन उघडणाऱ्या औषधाचा, पंप आणि थिओफायलिनच्या जातीची गोळी पडली तर छातीत धडधड, हात थरथर, बीपी वर. आपल्याकडची सोमलता त्याच कुळातली, त्यामुळे ती असलेल्या आयुर्वेदिक काढ्यांनाही हेच लागू. दुसरं गानचाओ, म्हणजे चिनी ज्येष्ठमध. असंख्य चिनी काढ्यांत ते असतंच. रोज जास्त पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं. साल्ब्युटामॉल, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि लघवीची गोळीही तेच करतात. चौघं एकत्र आले की हृदयाचे ठोके चुकू शकतात. वडील थिओफायलिन घेत असतील तर जास्तच जपा. त्याचं रक्तातलं प्रमाण थोडं वाढलं तरी त्रास होतो.

तर सिनसेहचा सौम्य काढा सुरू झाला. बेडका सुटायला लागला, झोप बरी लागायला लागली. काढ्यानं की पंप वेळेवर घेतल्यानं, ते देव जाणे. पण हळूहळू आईंचा चेहरा गोल झाला, भूक वाढली, साखर वाढली, हातांवर निळे डाग उमटले. मग एक दिवस उलट्या, बीपी खाली, उभं राहवेना. पुण्याहून भाऊजींचा फोन आला तो थेट निकाल घेऊनच: चिनी पाला. यांनीही मान डोलावली आणि मला म्हणाले, डॉक्टरांना काढ्याचं सांगू नकोस, ओरडतील.

मी काढ्याची पाकिटं, डबे, सगळं पिशवीत भरून हॉस्पिटलात नेलं. त्या पिशवीत एक पुडीही होती. भाऊजींनीच कुठल्याशा वैद्याकडून आणून आईंच्या बॅगेत घातलेली, "शंभर टक्के आयुर्वेदिक" अशी दम्याची पुडी. आई ती गुपचूप घेत होत्या आणि नुकतीच संपत आली होती. तपासणीत काढ्यात काही सापडलं नाही. पुडीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. रोज स्टिरॉइड पोटात गेल्यानं शरीरानं स्वतःचं बनवणं सोडलं होतं, आणि आईंनी पुडी पुरवून पुरवून घ्यायला सुरुवात केल्यावर त्या कोसळल्या. भाऊजी आजही म्हणतात, हवा मानवली नाही.

म्हणून माझं मत: चिनी की आपलं, हा वादच फालतू आहे. सिंगापुरात सिनसेहांच्या नोंदणीचा कायदा 2000 साली झाला. त्याला नाव आहे, नंबर आहे, जाब विचारता येतो. पुडी देणाऱ्याला कुठे शोधायचं? आणि डॉक्टर ओरडले तर ओरडू देत.

चिनी औषधं निर्धोक आहेत असंही समजू नका. मादोलिंग हे खोकल्याचं जुनं चिनी औषध. त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लानं किडनी जाते. जपानात शो-साइको-तो या काढ्यानं फुप्फुसांनाच सूज येऊन माणसं दगावली आहेत. उलट युपिंगफेंग या चिनी औषधाची चीनमध्ये सीओपीडीच्या रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि आजार उसळण्याचं प्रमाण कमी झालं. पण म्हणून कोणी पंप सोडायला सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

तेव्हा मित्राला पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा, घटकांची नावं त्याच्याकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि तो कागद छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पिपागाओ हे खोकल्याचं चिनी सरबत असेल तर त्यात मध आणि साखर ठासून असते. वडिलांना मधुमेह आहे का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही.